वाचकांचे प्रश्न : गट-बीजगणितातील युनिटे आणि इन्व्होल्यूशने

अमूर्त बीजगणिताविषयी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत. खुणा सर्वत्र सारख्याच ठेवल्या आहेत. क हे क्षेत्र (ज्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्येतर घटकाने भागाकार करता येतो अशी रचना) आणि ट हा गट (ज्यात एक साहचर्य गुणाकार, १ आणि प्रत्येक घटकाचा व्यस्त असतो असा संच) असेल, तर गटाच्या घटकांना क्षेत्रातील सहगुणक लावून केलेल्या सर्व सांत बेरजांचा संच म्हणजे गट-बीजगणित क[ट]. त्यात बेरीज पदशः होते आणि गुणाकार गटाच्या गुणाकारावरून ठरतो. सहगुणक पूर्णांक घेतले, तर त्या रचनेला पूर्णांकी गट-वलय म्हणतात.

प्रश्न : गट-बीजगणिताची व्याख्या आम्ही शिकलो, परंतु त्यातील युनिटे शोधण्यात गणितज्ञांना एवढा रस का असतो, हे उमगले नाही. गटाच्या प्रत्येक घटकाला व्यस्त असतोच. मग त्यापलीकडे नवीन काय मिळते?

उत्तर : ज्या घटकाला गुणाकाराने व्यस्त आहे, तो युनिट. गटातील घटकाला क्षेत्रातील शून्येतर संख्येने गुणले की जे युनिट मिळते, त्याला क्षुल्लक युनिट म्हणतात, कारण त्याचा व्यस्त पाहताक्षणी लिहिता येतो. खरा प्रश्न अक्षुल्लक युनिटांचा आहे, म्हणजे ज्यांत दोन किंवा अधिक पदे आहेत आणि तरीही ज्यांना व्यस्त आहे अशा बेरजांचा.

एक छोटे उदाहरण पाच घटकांच्या क्षेत्रावर, म्हणजे पाचाने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांवर, सापडते. गट दोनच घटकांचा घेऊ : १ आणि ग, जिथे ग² = १. मग (१ + २ग)(३ + ४ग) = ३ + ४ग + ६ग + ८ = ११ + १०ग, आणि पाचाच्या हिशेबात हे १ आहे. म्हणजे १ + २ग हे अक्षुल्लक युनिट झाले. या बीजगणितात एकूण १६ युनिटे आहेत आणि त्यांपैकी क्षुल्लक केवळ ८ आहेत.

पूर्णांक सहगुणक घेतले की भागाकाराची मोकळीक जाते आणि युनिटे दुर्मीळ होतात. तरीही पाच घटकांच्या चक्रीय गटात, म्हणजे एकाच ग च्या घातांनी बनलेल्या गटात (ग⁵ = १), पुढील गुणाकार करून पाहावा : (ग + ग⁴ − १)(ग² + ग³ − १). पदे एकमेकांना छेदत जातात आणि शेवटी केवळ १ उरतो. हे युनिट अनंत कोटीचेही आहे, म्हणजे त्याचा कोणताही धन घात १ होत नाही (घटकाची कोटी म्हणजे ज्या सर्वांत लहान धन घाताने तो १ होतो तो घात). ग च्या जागी १ चे पाचवे संमिश्र मूळ ठेवले, तर त्याची किंमत सुमारे −०.३८२ येते, आणि अशा संख्येचा कोणताही धन घात १ होऊ शकत नाही. पाच घटकांचा एक गट, पण त्याच्या पूर्णांकी गट-वलयात अनंत युनिटे, ही गोष्ट प्रथम समजली तेव्हा मला तरी तिचे फार आश्चर्य वाटले होते. ग्रॅहम हिग्मन यांनी १९४० मध्ये सिद्ध केले, की सांत गटाच्या पूर्णांकी गट-वलयात केवळ क्षुल्लक युनिटे असण्याचे दोनच प्रकार आहेत. एक तर गट क्रमनिरपेक्ष असावा आणि त्यातील प्रत्येक घटकाचा चौथा घात, किंवा प्रत्येक घटकाचा सहावा घात, १ असावा. नाहीतर तो आठ घटकांच्या क्वाटर्नियन गटाला २ कोटीच्या घटकांच्या क्रमनिरपेक्ष गटाची जोड देऊन तयार झालेला असावा. म्हणून वर घेतलेला पाच घटकांचा गट हा अक्षुल्लक युनिट देणारा सर्वांत लहान गट ठरतो.

प्रश्न : आमच्या टिपणांत असे लिहिले आहे, की दोन घटकांच्या क्षेत्रावर एखाद्या घटकाच्या सहगुणकांची बेरीज १ आली, की तो घटक युनिट असतोच. हे बरोबर आहे का?

उत्तर : गटाची कोटी, म्हणजे त्यातील घटकांची संख्या, २ चा घात असेल तर बरोबर आहे, एरवी नाही. टिपणात ही अट राहून गेली असावी. तीन घटकांच्या चक्रीय गटात १ + ग + ग² याच्या सहगुणकांची बेरीज १ आहे, परंतु (१ + ग)(१ + ग + ग²) = १ + ग³ = ० होते. जो घटक शून्येतर घटकाला गुणून शून्य करतो, त्याला व्यस्त असणे शक्य नाही.

गटाची कोटी २ चा घात असते तेव्हा मात्र बेरीज शून्य असलेला प्रत्येक घटक पुरेशा वेळा स्वतःशी गुणल्यावर शून्य होतो. अशा घटकाला न म्हटले, तर १ + न याचा व्यस्त १ + न + न² + … ही सांत मालिका आहे, आणि बेरीज १ असलेला प्रत्येक घटक या रूपाचाच असतो. दोनऐवजी कोणतीही मूळ संख्या घेतली, आणि क्षेत्राची कॅरॅक्टरिस्टिक (१ स्वतःत किती वेळा मिळवला की शून्य होते ती संख्या) तीच असली व गटाची कोटी तिचा घात असली, तर ‘बेरीज शून्य नाही’ ही अट युनिट असण्यास पुरते.

प्रश्न : एका पुस्तकात इन्व्होल्यूशन म्हणजे २ कोटीचा घटक असे दिले आहे, तर दुसऱ्या पुस्तकात इन्व्होल्यूशन हे बीजगणितावरील फलन आहे. वर्गात शिकवताना मी कोणता अर्थ घ्यावा?

उत्तर : दोन्ही अर्थ रूढ आहेत आणि गट-बीजगणितात दोन्ही एकाच पानावर येऊ शकतात, म्हणून वर्गात पहिल्याच दिवशी दोन्ही सांगून टाकणे हिताचे. दोहोंच्या मुळाशी कल्पना एकच आहे : एखादी क्रिया दोनदा केली की मूळ स्थिती परत मिळते.

पहिल्या अर्थाने इन्व्होल्यूशन म्हणजे असा घटक य, की य² = १ आणि य स्वतः १ नाही. येथे क्षेत्राची कॅरॅक्टरिस्टिक २ आहे की नाही, यावर सगळे चित्र अवलंबून असते. ती २ नसेल तर दोनाने भागता येते, आणि य च्या जोडीला इ = (१ + य)/२ हा घटक लिहिता येतो, ज्यासाठी इ² = इ असते. उलट, असा कोणताही इ घेतला तर २इ − १ याचा वर्ग १ येतो. म्हणजे इन्व्होल्यूशने शोधणे आणि स्वतःच्या वर्गाइतके असणारे घटक शोधणे ही एकच गोष्ट आहे. याचा एक परिणाम विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावा. तीन घटकांच्या चक्रीय गटात २ कोटीचा एकही घटक नाही. तरीही परिमेय सहगुणक घेऊन इ = (१ + ग + ग²)/३ ठेवले, तर २इ − १ = (−१ + २ग + २ग²)/३ मिळते, आणि त्याचा वर्ग केल्यावर ९/९ म्हणजे १ येतो. गटात नसलेले इन्व्होल्यूशन गट-बीजगणितात निर्माण झाले.

कॅरॅक्टरिस्टिक २ असेल तर हा मार्ग बंद होतो आणि दुसरा उघडतो. तेथे (य + १)² = य² + १, म्हणून य हे इन्व्होल्यूशन असण्याचा अर्थ इतकाच, की य + १ हा शून्येतर असून त्याचा वर्ग शून्य आहे. असे घटक हवे तेवढे तयार करण्याची एक सोपी युक्ती आहे. स हा गटातील २ कोटीचा घटक असेल, तर (१ + स)² = ०; म्हणून गटातील कोणताही र घेऊन (१ + स)र(१ + स) लिहिले, की त्याचाही वर्ग शून्य होतो, आणि हा गुणाकार स्वतः शून्य नसेल तर त्यात १ मिळवून इन्व्होल्यूशन मिळते. चौरसाच्या सममितींच्या आठ घटकांच्या गटात, म्हणजे डायहेड्रल गटात, र हे चौथाई फिरवणे आणि स हे परावर्तन घेतले, तर १ + र + र³ + रस + र³स हे पाच पदांचे इन्व्होल्यूशन या युक्तीने हाती येते. पूर्णांक सहगुणकांवर हीच युक्ती (१ − स)र(१ + स) या रूपात वापरतात. मात्र तेथे १ मिळवून येणाऱ्या युनिटाचा न-वा घात म्हणजे १ अधिक त्या गुणाकाराची न-पट, म्हणून गुणाकार शून्य नसल्यास कोटी २ न राहता अनंत होते.

दुसऱ्या अर्थाने इन्व्होल्यूशन हे फलन आहे. गटाच्या प्रत्येक घटकाच्या जागी त्याचा व्यस्त ठेवावा आणि सहगुणक तसेच राहू द्यावेत. य पासून असा मिळालेला घटक य* असा लिहितात. गुणाकाराचा व्यस्त घेताना क्रम उलटतो, म्हणून (यव)* = व*य* होते, आणि हे फलन दोनदा लावले की मूळ घटक परत येतो. याला प्रमाण इन्व्होल्यूशन म्हणू. ज्या युनिटासाठी यय* = १ असते, म्हणजे ज्याचा व्यस्त केवळ तारा लावून मिळतो, त्याला एकात्मक युनिट म्हणतात. गटाचे सर्व घटक एकात्मक असतातच. आणखी कोण एकात्मक आहे, हा एक स्वतंत्र आणि कठीण विषय आहे. दोन घटकांच्या क्षेत्रावर चार घटकांचा चक्रीय गट घेतला, तर तेथील आठही युनिटे एकात्मक निघतात. उदाहरणार्थ, (१ + ग + ग²)(१ + ग² + ग³) यातील नऊ पदे लिहून काढली, की जोड्या नाहीशा होऊन १ उरतो.

प्रश्न : गटाची कोटी विषम असेल, तर पूर्णांकी गट-वलयात इन्व्होल्यूशन असू शकते का?

उत्तर : −१ हे उघड उत्तर आहे. सहगुणकांची बेरीज १ असलेल्या युनिटांपुरते पाहिले, तर एकही नसते. कारण अशा युनिटांच्या कोणत्याही सांत उपगटाची कोटी मूळ सांत गटाच्या कोटीला भागते. वरच्या उत्तरातील तीन घटकांच्या गटाच्या उदाहरणात छेदस्थानी ३ होता, हे लक्षात घ्यावे.

प्रश्न : आठ घटकांचा डायहेड्रल गट आणि आठ घटकांचा क्वाटर्नियन गट यांची संमिश्र संख्यांवरील गट-बीजगणिते आयसोमॉर्फिक, म्हणजे रचनेने एकसारखी, असतात, असे शिकलो. दोन घटकांच्या क्षेत्रावर ती वेगळी आहेत, असेही वाचले. पण कोणत्याही जड सिद्धांताशिवाय ते कसे पटवावे?

उत्तर : हा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर देत आहोत, कारण इन्व्होल्यूशनचे दोन्ही अर्थ येथे एकाच गणितात भेटतात. संमिश्र संख्यांवर दोन्ही गटांसाठी चार एक-मितीय तुकडे आणि दोन-बाय-दोन मॅट्रिक्सचा एक तुकडा मिळतो, त्यामुळे फरक दिसतच नाही. वास्तव संख्यांवर तो लगेच दिसतो, कारण शेवटचा तुकडा एकीकडे मॅट्रिक्सचा आणि दुसरीकडे हॅमिल्टन यांच्या क्वाटर्नियनांचा असतो. दोन घटकांच्या क्षेत्रावर असे तुकडेच पडत नाहीत, म्हणून तेथे इन्व्होल्यूशने मोजण्याचा मार्ग घेऊ.

दोन्ही गटांत र⁴ = १ आणि सर = र³स. फरक एवढाच, की डायहेड्रल गटात स² = १ आणि क्वाटर्नियन गटात स² = र². बीजगणिताचा प्रत्येक घटक प + फस असा लिहिता येतो, जिथे प आणि फ हे केवळ र च्या घातांपासून बनलेले आहेत. स ला प च्या पलीकडे नेले की प चे प* होते. म्हणजे दुसऱ्या अर्थाचे इन्व्होल्यूशन आपण न बोलावता हिशेबात येते. वर्ग केल्यावर डायहेड्रल गटासाठी (प² + फफ*) + फ(प + प*)स मिळते, आणि क्वाटर्नियन गटासाठी फफ* च्या जागी र²फफ* येते. बाकी सारे तेच.

आता तीन निरीक्षणे लागतात. प² मध्ये १ आणि र² एवढीच पदे येतात. १ चा सहगुणक म्हणजे प मधील १ व र² यांच्या सहगुणकांची बेरीज, आणि र² चा सहगुणक म्हणजे प मधील र व र³ यांच्या सहगुणकांची बेरीज. फफ* मध्ये र² कधीच येत नाही. तेथे १ चा सहगुणक म्हणजे फ च्या सर्व सहगुणकांची बेरीज, आणि र + र³ चा सहगुणक म्हणजे फ च्या सम घातांची बेरीज गुणिले विषम घातांची बेरीज. शेवटी, प मधील र व र³ यांचे सहगुणक सारखे असतील तर प + प* शून्य होते, आणि ते वेगळे असतील तर प + प* = र + र³ होते.

डायहेड्रल गटात वर्ग १ यायचा, तर र² चा सहगुणक शून्य हवा, म्हणून प मधील र व र³ यांचे सहगुणक सारखे हवेत. त्याला २ पर्याय. फ च्या सम आणि विषम बेरजा दोन्ही शून्य असतील, तर असे फ ४ आहेत, आणि प मधील १ व र² यांचे सहगुणक वेगळे हवेत, त्याला पुन्हा २ पर्याय; एकूण १६. फ च्या त्या दोन बेरजांपैकी नेमकी एक १ असेल, तर असे फ ८ आहेत, आणि १ व र² यांचे सहगुणक सारखे हवेत, पुन्हा २ पर्याय; एकूण ३२. दोन्ही बेरजा १ असणे र + र³ मुळे वर्ज्य. म्हणजे वर्ग १ असलेले घटक ४८, आणि त्यांतून १ स्वतः वगळला की ४७ इन्व्होल्यूशने.

क्वाटर्नियन गटात र + र³ ला र² ने गुणले तरी ते तसेच राहते, परंतु फ च्या सहगुणकांची बेरीज आता र² च्या सहगुणकात मिसळते. ती बेरीज १ असेल, तर ती छेदण्यासाठी प मधील र व र³ यांचे सहगुणक वेगळे लागतील; पण मग फ(र + र³) = ० हवे, आणि त्यासाठी फ हा १ + र² च्या पटीत हवा, ज्यामुळे त्याची बेरीज शून्य होते. ही विसंगती आहे. म्हणून फ ची बेरीज शून्य, सम आणि विषम बेरजाही शून्य, असे फ ४; आणि प चे पर्याय २ × २ = ४. एकूण १६, म्हणजे १५ इन्व्होल्यूशने.

दोन्ही बीजगणितांत युनिटे १२८ आहेत, कारण एकूण २५६ घटकांपैकी निम्म्यांची बेरीज १ असते. पण एकीकडे ४७ आणि दुसरीकडे १५ इन्व्होल्यूशने असल्याने युनिटांचे गट वेगळे, आणि म्हणून बीजगणितेही वेगळी. हा हिशेब कागदावर स्वतः करून पाहावा, अशी आग्रहाची विनंती आहे. वाचून पटणे आणि करून पटणे यांत येथे मोठे अंतर आहे.

याच विचाराचे व्यापक रूप असे : कोटी मूळ संख्येचा घात असलेले दोन गट घेतले आणि तितक्याच घटकांच्या क्षेत्रावर, म्हणजे त्या मूळ संख्येएवढे घटक असलेल्या क्षेत्रावर, त्यांची गट-बीजगणिते आयसोमॉर्फिक निघाली, तर गटही आयसोमॉर्फिक असतात का? अनेक दशके हा प्रश्न खुला होता. २०२१ मध्ये दिएगो गार्सिया-लुकास, लिओ मार्गोलिस आणि आंखेल देल रिओ यांनी ५१२ कोटीच्या गटांची जोडी देऊन उत्तर नकारार्थी असल्याचे दाखवले. अशा जोडीपुढे इन्व्होल्यूशनांची मोजणी किंवा युनिटांची दुसरी कोणतीही मोजणी चालणार नाही, कारण बीजगणितेच सारखी आहेत.

प्रश्न : गणितज्ञ कॅप्लान्स्की यांची युनिटांविषयीची अटकळ अजून खुली आहे का? माझ्या संग्रहातील पुस्तकात ती खुली म्हणून दिली आहे.

उत्तर : पुस्तक २०२१ पूर्वीचे असावे. अटकळ अशी होती, की ज्या गटात १ खेरीज सांत कोटीचा घटकच नाही, त्याच्या कोणत्याही क्षेत्रावरील गट-बीजगणितात केवळ क्षुल्लक युनिटे असतात. कॅप्लान्स्की यांच्या नावाने ती ओळखली जात असली, तरी हिग्मन यांच्या १९४० च्या प्रबंधात ती आधीच आली होती. ती पटण्याजोगी का वाटत होती, हे अनंत चक्रीय गटात सहज दिसते : दोन बहुपदींच्या गुणाकारात सर्वोच्च आणि सर्वांत खालचे पद कधीच छेदले जात नाही, त्यामुळे दोनाहून कमी पदे उरणे अशक्य असते, जोवर दोन्ही बहुपदी एकपदी नाहीत.

जाइल्स गार्डम यांनी २०२१ मध्ये दोन घटकांच्या क्षेत्रावर २१ पदांचे अक्षुल्लक युनिट दिले. त्यांचा गट दोन घटकांपासून बनतो, अ आणि ब, आणि अट अशी की ब ने अ² चे संयुग्मन केले (म्हणजे ब⁻¹अ²ब घेतले) की त्याचा व्यस्त मिळावा, तसेच अ ने ब² चे केले की त्याचा व्यस्त मिळावा. अ², ब² आणि (अब)² हे तीन परस्परांशी क्रमनिरपेक्ष असून त्यांचा उपगट संपूर्ण गटाच्या एक-चतुर्थांश आहे. म्हणजे गट अगदी जवळून ओळखीचा होता. त्यात ‘सर्वोच्च पद’ असा युक्तिवाद चालत नाही, हेही माहीत होते. युनिटाचा शोध संगणकाच्या मदतीने लागला, पण त्याचा पडताळा हाताने घेता येतो. त्याच वर्षी ॲलन मरे यांनी प्रत्येक मूळ कॅरॅक्टरिस्टिकसाठी उदाहरणे दिली, आणि २०२३ मध्ये गार्डम यांनी संमिश्र संख्यांवरही अक्षुल्लक युनिटे असल्याचे दाखवले.

गार्डम यांच्या युनिटाचा व्यस्तही २१ पदांचाच आहे आणि तो मूळ पदांशी उघडपणे नाते सांगतो. लॉरां बार्थोल्दी यांनी त्यामागचे कारण दाखवून दिले : प्रमाण इन्व्होल्यूशनला थोडा पीळ देऊन जे फलन मिळते, त्याच्या अर्थाने ही युनिटे एकात्मक आहेत.